जास्वंदीवरचा हा पांढरा, धावणारा किडा कोण? आणि आपण अनोळखी किडा कसा ओळखता?

गॅलरीतली_बाग (पुणे) | ३ मार्च, सकाळी ७:५०

नमस्कार. आमच्या तिसऱ्या मजल्यावरील गॅलरीत चौदा इंची कुंडीत एक लाल जास्वंद आहे. जानेवारीच्या अखेरीपासून तिच्या कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांच्या देठांशी कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले. हा पिठ्या ढेकूण आहे, एवढे मला ठाऊक आहे. तो दर वर्षी येतो, मी दर वर्षी जुना टूथब्रश आणि साबणाचे पाणी घेऊन त्याच्याशी झटापट करते, आणि पावसाळा लागला की आमचा तह होतो.

या वर्षी मात्र त्या पुंजक्यांमधून काही निराळेच जीव हिंडताना दिसत आहेत. रंग तोच, अंगावर तेच मेणचट पांढरे; परंतु हे लांबट आहेत, त्यांच्या अंगावरून वातीसारखे जाड धागे लोंबतात आणि धक्का लागला की ते चक्क चालू लागतात. काल एकाला चहाच्या डब्याच्या काळ्या झाकणावर घेऊन पट्टीने मोजले, तर धाग्यांसकट तो जवळजवळ एक सेंटिमीटर भरला. टाचणीने धागे हलकेच बाजूला केले, तेव्हा खाली फिकट, वळ्यावळ्यांचे अंग आणि पुढच्या भागाला सहा पाय दिसले. मोबाइलमधील ॲपला छायाचित्र दाखवले, तर त्याने निःशंकपणे पिठ्या ढेकूण असेच उत्तर दिले.

घाबरून मी झाडाच्या रस्त्याकडील अर्ध्या भागावर कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करून टाकली. उरलेला अर्धा भाग आज करणार होते, पण आता हात अडखळतो आहे. हा पिठ्या ढेकणाचाच मोठा भाऊ आहे, की कोणी वेगळाच? आणि पुस्तकात नेमके सापडत नाहीत असे किडे आपण घरच्या बागेत कसे ओळखता, हेही वाचायला आवडेल.

कुंडीवाला (ठाणे) | ३ मार्च, सकाळी ८:१५

ओळखून करायचे काय आहे? पांढरे दिसले की फवारावे, हा माझा बारा वर्षांचा शिरस्ता आहे. एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे काही थेंब घालून चांगले ढवळावे, आणि ऊन कलल्यावर पानांच्या खालच्या बाजूनेही फवारावे. आठ दिवसांनी पुन्हा. ज्याला जायचे तो जातो, ज्याला राहायचे तो राहतो.

मिरमिरे (नागपूर) | ३ मार्च, सकाळी ८:३२

एवढ्या उन्हात लोकरीचा अंगरखा घालून फिरणारा तो प्राणी निश्चितच विदर्भातला नसावा.

द्राक्षवेल (निफाड) | ३ मार्च, दुपारी १:०५

ताई, उरलेल्या अर्ध्या झाडावर कृपया काहीही मारू नका.

आपण जे वर्णन केले आहे, ते वाचून मी शेतातूनच लिहीत आहे. पिठ्या ढेकणाला आम्ही द्राक्षवाले सरसकट मिलीबग म्हणतो. त्याची मादी तीन-चार मिलिमीटरची, लांबट गोल आणि चपटी असते. ती एकदा सोंड रुतवून बसली की फारशी जागची हलत नाही, आणि हलली तरी मुंगीच्या पावलाने. एक सेंटिमीटर लांबीचा, जाड धाग्यांचा आणि धक्का लागताच चालू लागणारा मिलीबग मी आजवर पाहिलेला नाही. माझ्या मते ती क्रिप्टोलेमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी आहे. हा ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) कुळातला भुंगेरा असून त्याचे अन्नच मिलीबग आहे. अळी मिलीबगची अंडी आणि पिल्ले खाते, आणि त्यांच्यात वावरता यावे म्हणून की काय, त्यांच्यासारखेच मेण अंगावर पांघरते.

हा मूळचा ऑस्ट्रेलियातला. १८९८ साली तो कॉफीवरील खवले किडीसाठी भारतात आणला गेला, पण रमला तो मिलीबगवर. आम्ही त्याचे भुंगेरे पैसे देऊन विकत आणतो आणि संध्याकाळच्या वेळी वेलींवर सोडतो. तीन वर्षांपूर्वी असेच सोडले. पुढे काही दिवसांनी खोडांवर या पांढऱ्या अळ्या दिसू लागल्या. नेमका त्या दिवशी मी तालुक्याला गेलो होतो, आणि बागेत नव्याने आलेल्या एका गड्याने "मालक, मिलीबग फार वाढला होता, सगळा पुसून काढला" असे सांगत ओले फडके माझ्यापुढे धरले. त्या फडक्यात माझे पैसे होते. चूक त्याची नव्हती. सांगायचे मीच राहिलो होतो.

गॅलरीतली_बाग | ३ मार्च, दुपारी १:४०

आपला प्रतिसाद वाचून आनंद व्हावा की वाईट वाटावे, हेच समजेनासे झाले आहे. फवारलेल्या बाजूला आत्ता पाहून आले. सहा धागेवाले कुंडीच्या मातीवर पडलेले आहेत आणि पुंजके जवळपास जसेच्या तसे आहेत.

वांगीप्रेमी (सांगली) | ३ मार्च, सायंकाळी ६:२०

द्राक्षवेल यांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, परंतु मित्रकिडा असावा अशा अंदाजावर किडे पाळण्याचे फळ मी भोगलेले आहे. परसात वांग्याची सात रोपे होती. त्यांवर नारिंगी रंगाचे, काळ्या ठिपक्यांचे, गोल भुंगेरे आले. ढालकिडे मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, खातात असे वाचलेले होते, म्हणून घरातील सर्वांना त्यांना हात न लावण्याची ताकीद दिली. दोन आठवड्यांत पानांच्या केवळ शिरा उरल्या आणि पान उन्हाकडे धरले की थेट चाळणी दिसू लागली. नंतर कळले की हा ढालकिड्यांच्याच कुळातला, पण पाला खाणारा भुंगेरा आहे. पाठीवर अठ्ठावीस ठिपके असतात. ते मोजायला मी बसलो, तेव्हा मोजण्यासारखी वांगी राहिली नव्हती.

जुनी_वही (सातारा) | ३ मार्च, रात्री ९:१०

निवृत्त शिक्षिकेची खोड म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

वांगीप्रेमी, आपल्या भुंगेऱ्याची खूण ठिपक्यांपेक्षा त्याच्या पाठीच्या पोतात आहे. मावा खाणाऱ्या ढालकिड्याची पाठ वार्निश लावल्यासारखी चकाकते. वांग्यावरच्या या भुंगेऱ्याच्या अंगावर बारीक लव असते आणि त्यामुळे तो मळकट, निस्तेज दिसतो. त्याची अळी पिवळी असून तिच्या अंगावर फांद्या फुटलेले काटे असतात. उलट माव्यावर जगणाऱ्या ढालकिड्याची अळी गडद, निमुळती, अगदी चिमुकल्या मगरीसारखी दिसते, आणि बहुतेक घरांत ती भुंगेरा होण्यापूर्वीच चपलेखाली जाते.

ओळखीचे विचाराल तर मी किड्याकडे शेवटी पाहते. आधी झाड पाहते. पाने खाणारे पुष्कळसे किडे खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ असतात. लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले, म्हणून दोहोंवर त्याच फुलपाखरांच्या अळ्या सापडतात. जास्वंद, भेंडी आणि कापूस यांचेही कूळ एकच, म्हणून कापसावरचे ते लाल-काळे ढेकूण, पाठीला पाठ लावून जोडीने फिरणारे, आपल्या कुंडीतील भेंडीवरही येतात. झाडाचे नाव न सांगता नुसते किड्याचे छायाचित्र पाठवणे म्हणजे गाव न लिहिता पत्र टाकणे होय.

त्यानंतर पाय. सहा असतील तर कीटक, आठ असतील तर कोळ्यांच्या गोतावळ्यातला. आपला मृगाचा मखमली किडा या हिशेबाने कीटकच नव्हे. फुलपाखराच्या किंवा पतंगाच्या अळीला पुढे सहा खरे पाय असतात आणि मागे बुटके, मांसल, चिकटून धरणारे जादा पाय असतात. गॅलरीतली_बाग यांनी टाचणीने धागे बाजूला सारून सहाच पाय पाहिले आणि तेही पुढच्या भागाला, ही या चर्चेतील सर्वांत मोलाची नोंद आहे, कारण ती भुंगेऱ्याच्या अळीशी जुळते. पंख असतील तर तेही मोजावेत. माशीला दोन, मधमाशीला आणि गांधिलीला चार. फुलांसमोर हवेत एका जागी थांबणारी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची जी माशी आपण गांधील समजून हाकलतो, तिला दोनच पंख असतात. ती डंख करूच शकत नाही, आणि तिच्या कित्येक जातींच्या अळ्या मावा खातात.

तरीही वांगीप्रेमींचा आक्षेप योग्य आहे. वर्णन जुळणे आणि खात्री होणे यांत अंतर आहे. यावर एक सोपा उपाय सांगते. काचेच्या बरणीत पिठ्या ढेकूण लागलेली एक डहाळी ठेवावी, त्यात आपले दोन-तीन धागेवाले सोडावेत, तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा रबराने बांधावा आणि बरणीवर तारीख लिहावी. डहाळी दोन दिवसांनी बदलावी. बरणी उन्हात मात्र ठेवू नये.

गॅलरीतली_बाग | ५ मार्च, सकाळी ७:३०

लोणच्याची बरणी धुऊन, पूर्ण वाळवून तिच्यात तीन जणांना ठेवले आहे. सासूबाईंनी ती बरणी पुन्हा लोणच्यासाठी वापरायची नाही, असे जाहीर केले आहे.

कॅमेरावेडा (मुंबई) | ५ मार्च, सकाळी १०:४५

ॲपवर सगळा दोष टाकू नये, असे वाटते. ते छायाचित्रातील आकार आणि रंग ताडून पाहते. किड्याची चाल त्याला दिसत नाही, आणि पट्टी शेजारी ठेवली नाही तर लांबीही कळत नाही. येथे तर किड्याने वेषच दुसऱ्याचा घेतला आहे. मी छायाचित्रे आयनॅचरलिस्ट या जीवसृष्टीच्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकतो. तेथेही यंत्र आधी सुचवते, पण नंतर माणसे मत देतात, आणि ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक लोकांचे जातीबाबत एकमत झाल्याशिवाय त्या नोंदीला अभ्यासयोग्य हा दर्जा मिळत नाही.

छायाचित्रे मात्र किमान तीन असावीत: वरून, बाजूने आणि शक्य असल्यास तोंडाकडून. पाठीचा एक धूसर फोटो पाठवून नाव विचारणाऱ्यांना मी हल्ली "किडा" असे उत्तर देतो.

पाचवा_मजला (डोंबिवली) | ५ मार्च, दुपारी ३:३०

माझ्या कढीपत्त्यावर पांढरट-तपकिरी डाग पडले होते. चिमणीची विष्ठा समजून मी आठवडाभर ओल्या फडक्याने पाने पुसत होते. एके दिवशी त्यातील एका विष्ठेने मान वर केली. मी पुन्हा पुसू लागले, तेव्हा तिने डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेले शिंग बाहेर काढले आणि असा काही उग्र वास सोडला की मी फडके टाकून दिले.

जुनी_वही | ५ मार्च, सायंकाळी ५:००

ते लिंबाच्या फुलपाखराच्या किंवा त्याच्या भावकीतल्या एखाद्याच्या अळीचे बालपण होते. लहानपणी विष्ठेचे सोंग, मोठेपणी हिरवा रंग. आपल्या राज्याचे फुलपाखरू निलवंत, ज्याला २०१५ साली तो मान मिळाला, त्याची अळीही लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढते. मोठ्या झाडाची चार पाने गेल्याने काही बिघडत नाही. वीतभर रोप असेल तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर ठेवाव्यात.

तगरीची_सावली (कोल्हापूर) | ६ मार्च, सकाळी ९:२०

सोंगांचाच विषय निघाला आहे, म्हणून सांगतो. गेल्या भाद्रपदात अंगणातील तगरीखाली रोज सकाळी काळ्या मिऱ्यांएवढ्या गोळ्या पडलेल्या दिसत. उंदीर म्हणून पिंजरा लावला, त्यात उंदीर सापडला नाही. अखेरीस एक दिवस गोळ्या जिथे पडत होत्या तेथेच उकिडवे बसून वर पाहिले, तेव्हा फांदीवर माझ्या करंगळीहून लांब, पोपटी रंगाची अळी दिसली. काडीने डिवचल्याबरोबर तिने डोके आत ओढले, मान फुगवली आणि तिच्या मानेवर दोन निळे डोळे वटारले गेले. ते खरे डोळे नव्हेत हे नंतर वाचून कळले. त्या क्षणी मी दोन पावले मागे सरलो होतो, हे मान्य करतो.

ती कण्हेर आणि तगर खाणाऱ्या एका मोठ्या पतंगाची अळी होती. आठवड्याने ती तपकिरी पडली आणि झाड सोडून खाली हिंडू लागली. ती आजारी आहे असे समजून मुलीने तिला परत फांदीवर ठेवले. ती पुन्हा उतरली. असे चार वेळा झाले. तिला कोशासाठी जमिनीवरचा पालापाचोळा हवा होता, आणि अंगण मी नुकतेच झाडून लख्ख केले होते.

परदेशी_परसबाग (न्यू जर्सी) | ६ मार्च, रात्री ११:१५

सर्व प्रतिसादांचा रोख आधी ओळखा, मग मारा असा आहे, आणि तो मला पटतो. पण ओळख पटल्यावर खरोखरच मारायचा किडा निघतो, तेव्हा घाईही करावी लागते. आमच्याकडे ठिपकेदार पंखांचा, मूळचा आशियातील एक तुडतुड्यांच्या नात्यातला किडा आला आहे. तो २०१४ साली शेजारच्या पेनसिल्व्हेनियात प्रथम सापडला आणि २०१८ साली आमच्या राज्यात पोचला. तो द्राक्षवेलींचा रस शोषतो, म्हणून दिसल्यास पायाखाली चिरडा, असे येथील सरकारच सांगते. गंमत अशी की त्याची पिल्ले आधी काळी आणि पांढऱ्या ठिपक्यांची असतात, मग लाल होतात, आणि अंड्यांचा थर झाडावर वाळलेल्या चिखलाच्या फटकाऱ्यासारखा दिसतो. तीन अवस्था तीन वेगवेगळे किडे आहेत, असे मी पहिली दोन वर्षे समजत होते.

भुंगा_गुणगुणे (पंढरपूर) | ७ मार्च, सकाळी ६:५५

कुंभारीण माशीचा उल्लेख अजून कोणी कसा केला नाही? आमच्या देवघराच्या चौकटीवर ती दर वर्षी मातीची बोटभर घरटी बांधते. आजोबा सांगत की ती अळीला धरून आत कोंडते, तिच्या कानाशी गुणगुणते आणि त्या ध्यासाने अळीचीच कुंभारीण होते. कीटक-भृंगीचा हा दृष्टांत कीर्तनात अजूनही ऐकतो. मी स्वतः हिरवी अळी आत जाताना आणि काही आठवड्यांनी तेथूनच माशी बाहेर पडताना पाहिली आहे.

जुनी_वही | ७ मार्च, सकाळी ८:४०

आपण पाहिले ते खरे आहे, आणि ज्यांनी तो दृष्टांत रचला त्यांनीही बारकाईने पाहिलेले होते. मधला भाग तेवढा मातीच्या आड घडत असल्याने कोणाला दिसला नाही. कुंभारीण अळीला डंख मारून लुळी करते, मारून टाकत नाही, म्हणजे अन्न ताजे राहते. त्याच खोलीत ती स्वतःचे एक अंडे घालते आणि दार लिंपते. अंड्यातून निघालेले तिचे पिल्लू त्या लुळ्या अळीला खाऊन वाढते, तेथेच कोश करते आणि भिंत कुरतडून बाहेर येते. कुंभारणींच्या काही जाती अळ्यांऐवजी कोळी आणून कोंडतात. आजोबांचा दृष्टांत आहे तसाच राहू द्यावा. घरटेही राहू द्यावे.

मिरमिरे | ७ मार्च, सकाळी ९:०२

म्हणजे गुरूचे गुणगुणणे ऐकून शिष्याचा उद्धार होतो, असे समजून बसलेल्या शिष्याने जरा सावध असावे.

कुंडीवाला | ८ मार्च, रात्री ८:३०

मी पहिल्या दिवशी जे लिहिले त्यावर कोणी टीका केली नाही, हे या मंडळींचे मोठेपण आहे. आज माझी स्वतःची जास्वंद भिंग घेऊन पाहिली. धागेवाला एकही नाही. पिठ्या ढेकूण आहे, आणि त्याच्याभोवती काळ्या मुंग्यांची ये-जा आहे. मुंग्या त्याला खात असतील तर त्यांना राहू द्यावे काय?

द्राक्षवेल | ८ मार्च, रात्री ९:१५

मुंग्या त्याला खात नाहीत, त्याची राखण करतात. मिलीबग रस शोषून गोड चिकटा सोडतो आणि मुंग्या तो चाटतात; त्या बदल्यात त्याच्यावर चालून येणाऱ्या भुंगेऱ्यांना पळवून लावतात. तोच चिकटा पानांवर सांडला की त्यावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते. कुंडी पाण्याने भरलेल्या परातीत विटेवर ठेवावी आणि झाडाची पाने भिंतीला किंवा ग्रिलला टेकू देऊ नयेत, म्हणजे मुंग्यांची वाट तुटते. परातीतील पाणी मात्र रोज बदलावे, नाहीतर डास होतील आणि तो किडा ओळखण्यासाठी कोणालाही येथे चर्चा सुरू करावी लागणार नाही.

गॅलरीतली_बाग | २४ मार्च, सकाळी ८:००

बरणीचा निकाल लागला.

तिघांपैकी एक धागेवाला दुसऱ्याच दिवशी मेला. बहुधा माझ्या टाचणीने. उरलेल्या दोघांनी डहाळीवरील पुंजके फोडून आतले पार रिकामे केले. रात्री विजेरी लावून पाहिले तर एकाचे डोके पुंजक्यात खुपसलेले आणि मागचा भाग बाहेर, जणू वाटी चाटायला मांजराने तोंड घालावे तसे. ९ तारखेला एक जण ओढणीच्या घडीखाली जाऊन चिकटला आणि हलेनासा झाला. मेला असे समजून टाकणार होते, पण सासूबाई म्हणाल्या, "बरणी गेलीच आहे, तर आता शेवटपर्यंत पाहा." १८ तारखेला सकाळी त्या पांढऱ्या कातडीतून एक भुंगेरा बाहेर आलेला होता: मोहरीपेक्षा मोठा, मसुरापेक्षा लहान, पाठ काळपट तपकिरी, डोके आणि मान नारिंगी, आणि पंखांच्या टोकांनाही तोच नारिंगी रंग. दुसरा २० तारखेला निघाला. पाठ अगदी बारीक लवेची आहे, त्यामुळे जुनी_वही यांची चकाकीची खूण येथे पूर्णपणे लागू पडत नाही, हे नम्रपणे नोंदवते.

झाडाची स्थिती अशी आहे. न फवारलेल्या बाजूला पुंजके बरेच विरळ झाले असून तीन नव्या कळ्या आल्या आहेत. फवारलेल्या बाजूला पिठ्या ढेकूण पुन्हा भरला आहे आणि धागेवाला एकही नाही.

जुनी_वही | २४ मार्च, सकाळी ९:३०

चूक मान्य. तो क्रिप्टोलेमसच आहे, आणि लव असूनही तो ढेकूणच खातो. माझी खूण मावा खाणाऱ्या चकचकीत ढालकिड्यांपुरती वाचावी. वहीत दुरुस्ती करून घेतली आहे. एका झाडाच्या दोन बाजूंवरून नियम बांधता येत नाही, हेही शिक्षिका म्हणून सांगणे भाग आहे, तरी ती तीन कळ्यांची बाजू पाहायला मला आवडेल.

वांगीप्रेमी | २४ मार्च, सकाळी १०:१०

मी माझा आक्षेप मागे घेतो. वांग्याचा मात्र घेत नाही.

कुंडीवाला | २४ मार्च, दुपारी १२:२०

ताई, ते दोन भुंगेरे कुठे आहेत? ठाण्याला यायला तयार असतील तर परात, वीट आणि पुष्कळसा पिठ्या ढेकूण, सर्व तयारी आहे. शेवटची फवारणी मी १ मार्चला केली होती.

गॅलरीतली_बाग | २४ मार्च, दुपारी १२:४५

काल संध्याकाळी त्यांना फवारलेल्या बाजूच्या शेंड्यावर सोडले. एक तेथेच आहे. दुसरा उडाला, आणि त्याचे तोंड साधारण मुंबईच्या दिशेला होते.